शिट्टी संघनायकाच्या हाती

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शिबिराला जाणाऱ्या स्काऊट पथकात पहिली तयार होते ती यादी. संघामागे सुतळीचे दोन गुंडे, काथ्याची दोरी, बांबू, एक कुदळ, एक फावडे, दोन पातेली, परात, उलथने, झाकणाची बादली, कंदील किंवा बॅटरी, मीठ-तिखटाचे डबे. मुलामागे ताट, वाटी, पेला, सतरंजी, पाण्याची बाटली, टोपी, सुई-दोरा. छत्रपती संभाजीनगरात ही खरेदी करायला शहागंजापेक्षा सोयीची जागा नाही. सुतळीपासून ताडपत्रीपर्यंत सगळे इथे हाताशी मिळते आणि घासाघीस करायची सोयही असते. ज्या पथकात ही खरेदी सर स्वतः न करता आठवी-नववीतल्या मुलांना ठरावीक पैसे देऊन करायला पाठवतात, ते पथक चांगले समजावे. कारण शिबिर तिथूनच सुरू होते. उरलेल्या पैशांचा हिशेब वहीत लिहून परत द्यायचा, ही त्याची पहिली परीक्षा.

शहागंज म्हणजे जुन्या औरंगाबादचा भरगच्च चौक. १७२० च्या सुमारास बांधलेली मशीद, तिच्यासमोरचा एके काळचा मोठा हौद, घड्याळाचा मनोरा, महात्मा गांधींचा पुतळा, चमन नावाची बाग, आणि भोवती सिटी चौक, सराफा, राजाबाजार, चेलीपुरा अशा दाट वस्त्या. इथल्या गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलाला माणसांची गर्दी नवी नसते. नवे असते ते अंधारातले मोकळे माळरान, चुलीचा धूर आणि आई जवळ नसताना काढलेली रात्र. या भागातल्या मराठी आणि उर्दू शाळांमधून खाकी किंवा निळ्या गणवेशातली, गळ्यात स्काऊटचा रुमाल बांधलेली मुले प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसतात. पण संचलन हा या चळवळीचा दर्शनी भाग झाला. तिचा गाभा शिबिरात आहे.

ब्राउन्सी बेटावरून

तसा गाभा असणे स्वाभाविकच, कारण स्काऊट चळवळ जन्मलीच शिबिरातून. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रॉबर्ट बेडन पॉवेल नावाच्या निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुले नेली. काही ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही साध्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले आणि त्यांना लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरव अशी पशुपक्ष्यांची नावे दिली. सकाळी मुलांना उठवायला तो आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकत असे. प्रयोग जमला आणि १९०८ मध्ये त्याचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक आले.

या माणसाची उमेदवारी भारतात झाली होती. १८७६ मध्ये तो लखनौला घोडदळात रुजू झाला. पुढे मेरठला असताना शिपायांना टेहळणी, माग काढणे, कमी लोकांच्या छोट्या तुकड्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काम करणे शिकवण्यासाठी त्याने एक पुस्तिका लिहिली. १८९९ मध्ये ती छापून आली तेव्हा तो दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात अडकला होता. २१७ दिवसांच्या त्या वेढ्यात गावातली पोरे सायकलवरून निरोप पोहोचवत होती. मुलांवर विश्वास टाकला तर ती तो पेलतात, हे त्याने तिथे पाहिले.

भारतात मात्र हा विश्वास आधी गोऱ्या मुलांपुरताच होता. १९०९ मध्ये बंगळुरूला पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना माग काढायला आणि खुणांची भाषा शिकवली तर उद्या ती क्रांतिकारक होतील, अशी सरकारला धास्ती. त्या भिंतीला ज्यांनी आरंभी खिंडार पाडले त्यांत नागपूरचे व्हिव्हियन बोस होते. तेच पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन पॉवेलने भारतीयांच्या चारित्र्याबद्दल केलेल्या शेरेबाजीने संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याची गुर्मी घेतली नाही, हे इथल्या मंडळींनी तेव्हाच दाखवून दिले.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सरकारी शाळांत स्काऊट होते आणि त्यांच्याकडून अर्थातच राजनिष्ठेची अपेक्षा होती. पण त्याच १९३८ मध्ये इथल्या उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, ते काढून टाकले गेले आणि बाहेर पडून नागपूर विद्यापीठात शिकले. संस्थानातल्या तरुणांची शिस्त कोणाच्या कामी यायची, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काऊट संघटना एकत्र आल्या आणि ‘भारत स्काऊट्स’ झाले. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची शाखा, म्हणजे गाईडही सामील झाल्या. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली, रुमालाची गाठ तीच राहिली.

सहा-आठ जणांचे राज्य

शिबिरात गेलेल्या मुलाला विचारा, तू कोणत्या शाळेचा, तर तो शाळा सांगेल. पण आतून तो असतो आपल्या संघाचा. सहा ते आठ मुलांचा एक संघ. गरुड, वाघ, सिंह, मोर अशी नावे. गाईडच्या संघांना बहुधा फुलांची नावे. संघाचा झेंडा, संघाची आरोळी आणि संघाचा नायक. एक जण स्वयंपाकाचा, एक पाण्याचा, एक सामानाचा, एक प्रथमोपचाराचा, एक वहीचा. रोज कामे फिरतात. स्काऊटमास्तर मुलांना थेट हुकूम देत नाहीत. ते संघनायकांना बोलावतात आणि संघनायक पुढे सांगतात.

यासाठी शिट्टीची स्वतंत्र भाषा आहे. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प, लक्ष इकडे. सावकाश लांब शिट्ट्यांची माळ म्हणजे पांगा. भराभर आखूड शिट्ट्या म्हणजे गोळा व्हा. एक आखूड एक लांब असे आलटून पालटून म्हणजे धोका. आणि तीन आखूड, एक लांब म्हणजे फक्त संघनायकांनी धावत यायचे. ही शेवटची शिट्टी वाजल्यावर उरलेल्या मुलांनी जागेवरून हलायचे नसते. पहिल्या दिवशी सगळीच धावतात. तिसऱ्या दिवशी आठ जणांतला एकच धावतो आणि सात जण हातातले काम चालू ठेवतात. शिबिराने काय साधले ते मोजायचे असेल तर एवढे पाहावे.

संघनायक म्हणजे वर्गाचा मॉनिटर नव्हे. मॉनिटर फळ्यावर नावे लिहितो. संघनायक सर्वांत शेवटी जेवतो. भाकरी कमी पडली तर कोणाला किती, हे त्याने ठरवायचे आणि त्यावरून भांडण झाले तर तेही त्याने निस्तरायचे. रात्री सगळे संघनायक आणि स्काऊटमास्तर मिळून ‘कोर्ट ऑफ ऑनर’ बसते. दिवसाचा हिशेब, उद्याची कामे, कोणाचे चुकले, कोणाचे शाबास. तिथली चर्चा बाहेर बोलायची नसते. घरी साधी भाजी कोणती करायची हेही ज्याला कोणी विचारत नाही, त्या तेरा वर्षांच्या मुलाला इथे मत द्यावे लागते.

गाठी, चुली आणि तपासणी

शिबिराचा दिवस पहाटे पाचला उघडतो. आन्हिके, मग ‘बीपी सिक्स’ म्हणजे सहा व्यायामांचा ठरलेला संच, मग झाडझूड आणि तपासणी. तंबूचे दोर ताणलेले आहेत का, सतरंज्या गुंडाळल्या का, खरकटे कुठे टाकले, नखे कापली का. तपासणीत गुण असतात आणि रोजच्या विजेत्या संघाला झेंडा मिळतो. त्यानंतर ध्वजवंदन, प्रार्थना, आणि मग शिकण्याचे तास.

या तासांत बांबू आणि सुतळीची खरी करामत दिसते. मुलांना ‘गॅजेट’ करायला सांगतात: खिळा न मारता, फक्त गाठींनी. चपलांची मांडणी, ताटांचे फडताळ, हात धुवायची घडवंची, कंदिलाचा खांब, संघाचे प्रवेशद्वार. दोन सारख्या जाडीच्या दोऱ्या जोडायच्या तर रीफ नॉट. जाड-बारीक जोडायच्या तर शीट बेंड. खांबाला दोर बांधायचा तर क्लोव्ह हिच. विहिरीत कोणाला सोडायचे असेल तर न आवळणारा फास म्हणजे बोलाईन. बांबू काटकोनात बांधायला स्क्वेअर लॅशिंग, तिरके बांधायला डायगोनल. चुकीची गाठ लगेच उघडी पडते, ताटे खाली येतात. वहीतल्या चुकीवर लाल रेघ मारली जाते. इथे सगळ्या संघाचा भात जमिनीवर सांडतो आणि ती गाठ आयुष्यात पुन्हा चुकत नाही.

स्वयंपाक चर खणून केलेल्या चुलीवर. एक दिवस ‘बिनभांड्याचा’ असतो. चिखलात लिंपून निखाऱ्यात भाजलेले बटाटे, सपाट दगडावरची भाकरी, पानात गुंडाळलेले पानगे, निखाऱ्यावरचे वांगे आणि त्याचे भरीत. मराठवाड्यातल्या मुलांना या परीक्षेत एक फायदा आहे. ज्याची आजी खेड्यात आहे त्याने हे सगळे पाहिलेले असते. शहरातला मुलगा त्याच्याकडून शिकतो. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा शिबिरात अचानक गुरू होतो, आणि हा बदल पाहायला शिक्षकाने शिबिराला जायलाच हवे.

उन्हाचा प्रश्न

आता खरी अडचण. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. सुटी मात्र तेव्हाच असते. इंग्लंडच्या ऑगस्टमध्ये जन्मलेली पद्धत इथल्या वैशाखात जशीच्या तशी लावली तर मुले उन्हाने कोसळतील. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सेमांगम इथे जागतिक जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा महामेळावा भरला. दीडशेहून अधिक देशांची चाळीस हजारांवर मुले, समुद्र हटवून केलेली सपाट, सावली नसलेली जमीन आणि उष्णतेची लाट. शेकडो मुले आजारी पडली, ब्रिटन आणि अमेरिकेच्या पथकांनी मुदतीआधीच तळ सोडला आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळ्यांनाच हलवावे लागले. ‘तयार राहा’ हे ब्रीद असणाऱ्यांचीच तयारी नव्हती. एवढा पैसा, एवढी यंत्रणा आणि तरीही साध्या सावली-पाण्यावर घोडे अडले.

आपल्याकडच्या जाणत्या शिक्षकांनी यावर उपाय काढलेले आहेत. शक्य असेल तर शिबिर दिवाळीनंतर किंवा जानेवारीत. उन्हाळ्यातच करायचे तर उंचावर. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरचे म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. शहर त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. म्हैसमाळला रात्री तरी अंगाची लाही होत नाही. सगळी अंगमेहनत सकाळी दहाच्या आत. दहा ते चार सावलीत गाठी, नकाशे, प्रथमोपचार, गोष्टी. पाणी तहान लागल्यावर नाही, शिट्टीवर प्यायचे. मीठ-साखरेचे पाणी प्रत्येक संघाकडे. उन्हाच्या झटक्याची लक्षणे मुलांना स्वतःची स्वतः ओळखता यायला हवीत: डोके दुखणे, मळमळ, अंग तापणे, बडबड.

पाण्याच्या शिस्तीबाबत मात्र शहागंजकडच्या मुलांना फार शिकवावे लागत नाही. ज्या शहरात अनेक वस्त्यांना नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, तिथल्या मुलाला बादलीची किंमत ठाऊक असते. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने या शहरात आणले आणि पुढच्या काळात ठिकठिकाणचे हौद अशाच नहरींवर भरत राहिले. शिबिरात मुलांना नहरीचा हा इतिहास सांगितला तर पाणी-संघाचे काम त्यांना शिक्षा वाटणार नाही.

आणि विस्तवाचाही प्रश्न आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्यांचा काळ. डोंगरावरचे गवत वाळून खडखडीत असते. त्या दिवसांत जंगलालगत शेकोटी पेटवणे हा वेडेपणा आहे. मधोमध कंदील ठेवून भोवती फेर धरता येतो. गाणी कंदिलालाही चालतात.

मनोरा, सावली आणि ध्रुव

मोजण्याचे खेळ हे शिबिराचे मोठे आकर्षण. चढता येणार नाही अशा वस्तूची उंची कशी सांगायची? हातातली काठी जमिनीत उभी करा, तिची सावली मोजा. मनोऱ्याची सावली मोजा. काठी तिच्या सावलीच्या जितक्या पट, मनोराही त्याच्या सावलीच्या तितक्याच पट. हा सराव शिबिराआधी शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर करता येतो आणि मग दौलताबादच्या चाँद मिनारवर, जो सुमारे २१० फूट उंच आहे. पण एक गंमत ध्यानात ठेवायची. आपले शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आगेमागे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवशी ही रीत फसते. मुलांना ती आधी सांगू नये. फसल्यावर का फसली हे त्यांचे त्यांनी शोधावे.

रात्री तोच अक्षांश आकाशात दिसतो. मे महिन्यात अंधार पडता पडता सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. पुढचे दोन तारे जोडून रेघ खाली ओढली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर, म्हणजे वीस अंशांवर. भूगोलाच्या पुस्तकातले अक्षांश मुलाने आपल्या मुठीने मोजले. शेपटीच्या वळणाने पुढे गेले की स्वाती, आणखी पुढे चित्रा. सिडकोतल्या गच्चीवरून हे दिव्यांच्या उजेडात हरवते, म्हैसमाळच्या पठारावर स्वच्छ दिसते.

शेकोटीभोवतीचा समाज

शेवटच्या रात्री शेकोटी, वणव्यांच्या दिवसांत तिच्या जागी कंदील. प्रत्येक संघाने नाटुकले, गाणे, आरोळी सादर करायची. टाळ्यांचेही प्रकार असतात, पावसाची टाळी, रॉकेटची टाळी, शाबासकीची टाळी. कार्यक्रम खोडकर गोष्टींनी सुरू होतो आणि ज्वाळा खाली बसेल तसा शांत होत जातो. शेवटी सर्वधर्म प्रार्थना.

ही प्रार्थना शहागंजच्या संदर्भात औपचारिक राहत नाही. मे २०१८ मध्ये याच भागात दंगल उसळली. शहागंज, राजाबाजार, गांधीनगर परिसरात दुकाने जळाली, दोन जीव गेले. ज्या सुटीत मुलांनी शिबिराला जायचे, त्याच सुटीत इथल्या मुलांनी जमावबंदी पाहिली. एका संघात चेलीपुऱ्याचा आणि राजाबाजारचा मुलगा एका चुलीवर शिजवतात, एकाच ताडपत्रीखाली झोपतात, हे दंगलीवरचे औषध आहे असा दावा कोणी करू नये. पण ज्याच्या हातची कच्ची भाकरी हसत खाल्ली, त्याच्याबद्दलची अफवा ऐकताना मूल निदान एकदा थांबते. म्हणून पथके बांधताना मराठी आणि उर्दू शाळांची संयुक्त शिबिरे भरवणे आणि संघ मिसळून पाडणे हे जिल्हा पातळीवर आवर्जून करायला हवे.

मुलींचे शिबिर हा आणखी नाजूक भाग. भारतात गाईडचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूरला निघाले. जगातल्या गाईडच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. तरीही जुन्या वस्त्यांमधून मुलीला दोन रात्री बाहेर पाठवायला घरचे सहज तयार होत नाहीत. ज्या शाळांना जमते, तिथे एकच युक्ती दिसते: आधी आयांना एक दिवस शिबिराच्या जागी नेणे. न्हाणीघर कुठे, पहारा कोणाचा, रात्री दवाखान्यात न्यायचे तर गाडी कोणती. हे डोळ्यांनी पाहिल्यावर परवानगी मिळते.

खरी कमाई आणि खोटी

चळवळीत ‘खरी कमाई’ नावाचा सुंदर उपक्रम आहे. मुलांनी वर्गणी मागायची नाही. गाडी धुणे, बागेत पाणी घालणे, भाजी-भेळ विकणे अशी कामे करून पैसे मिळवायचे. शहागंजच्या मुलांना तर व्यापार रक्तात. या कमाईतून संघाचा शिधा निघाला पाहिजे. प्रत्यक्षात अनेक घरी वडीलच खिशातून नोट काढून देतात आणि मुलगा ती कमाई म्हणून शाळेत भरतो. तिथे खरी कमाई खोटी होते.

हेच दुखणे सगळ्या चळवळीला जडले आहे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती शिडी आहे. वरच्या पायऱ्यांचे व्यवहारी मोलही आहे. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी राखीव कोटा आहे. त्यामुळे काही जागी शिबिराचा फोटो काढला जातो, गाठींची वही एकाची दुसऱ्याने उतरवली जाते आणि मूल एक रात्रही घराबाहेर न झोपता प्रमाणपत्र मिळवते. स्काऊटमास्तरांना मूलभूत, मग प्रगत आणि पुढे हिमालय वूड बॅजपर्यंतचे प्रशिक्षण आहे. पचमढीचे राष्ट्रीय केंद्र त्याचे माहेरघर. पण प्रशिक्षित शिक्षकाच्या माथी निवडणुकीची, सर्वेक्षणाची आणि ऑनलाइन नोंदींची कामे मारली, की पथक फक्त हजेरीपटावर उरते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या पथकाने वर्षात दोन रात्री तंबूत काढल्या नाहीत त्याला पथक म्हणू नये, मग त्याचे गणवेश कितीही कडक इस्त्रीचे असोत. मुख्याध्यापकांनी शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच शिबिराच्या तारखा ठरवाव्यात, शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीतल्या. उन्हाळ्यात करायचे असेल तर उंचावर, सावलीत आणि पुरेशा पाण्यासह. शिक्षकाला त्या दिवसांपुरते बाकीच्या कामांतून मोकळे करावे. आणि पालकांनी, हा लेख वाचून झाल्यावर, मुलाच्या शाळेत जाऊन एवढेच विचारावे: पथकाचे शिबिर कधी आहे, आणि खरेदीला मुले जाणार की सर?